बोलावणारा कोण होता?



संयोजकांनी दिलेला विषय आहे : युरोपातले पहिले वसाहतकार घरदार सोडून नव्या खंडात का गेले? विषय दूरचा वाटतो. पण हा प्रश्न विचारायला धुळ्याइतकं योग्य गाव महाराष्ट्रात क्वचित सापडेल. आपण ज्याला नवं धुळे म्हणत आलो तो भाग मुद्दाम माणसं बोलावून वसवलेला आहे. शिवाय वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस याच गावात होते. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच गेले. 'महाराष्ट्राचा वसाहतकाल' हा निबंध त्यांचाच. त्यांचे सगळे निष्कर्ष आज कुणी मान्य करणार नाही, काही वाचताना तर हसू येतं. पण या मुलखात माणसं आली कुठून, कोणत्या वाटेनं आणि काय शोधत, हे विचारल्याशिवाय इतिहासाला हात घालू नये, हा त्यांचा हट्ट मला अजून पटतो.

शाळेत आपण या प्रश्नाचं उत्तर तीन शब्दांत शिकलो : सोनं, धर्म, साहस. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. आपल्या खेड्यातली म्हातारी मात्र तेवढ्यावर ऐकणार नाही. ती अहिराणीत विचारेल, "काबर गयात त्या?", म्हणजे ते का गेले? आणि 'धर्मासाठी' म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकेल, की भाड्याचे पैसे कुणी दिले? माझं आजचं सगळं बोलणं म्हातारीच्या या दुसऱ्या प्रश्नावर आहे. घर सोडणाऱ्याच्या मनात काय होतं हे आपण शोधत बसतो, कारण ती गोष्ट सांगायला रंगते. ज्याला माणसं हवी होती, ज्यानं आगाऊ पैसे मोजले, तो त्या गोष्टीतून हळूच निसटतो.

धर्मापासूनच सुरुवात करू, कारण तिथे माझं म्हणणं सगळ्यात लंगडं पडायला हवं. 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० साली अमेरिकेला गेलेली मंडळी धर्मासाठी गेली, हे जगभर सांगितलं जातं. त्यांचा गाभा होता नॉटिंगहॅमशायरमधल्या स्क्रूबी या खेड्याच्या आसपासच्या लोकांचा. राजानं ठरवून दिलेली उपासना त्यांना मान्य नव्हती, म्हणून १६०८ च्या सुमारास ते हॉलंडला पळाले आणि लायडन शहरात राहिले. तिथे त्यांना त्यांच्या पद्धतीनं प्रार्थना करू दिली गेली. म्हणजे धर्मस्वातंत्र्य त्यांना अमेरिकेला जाण्याच्या दहाहून अधिक वर्षं आधीच मिळालं होतं! मग पुन्हा बिऱ्हाड का हलवलं?

त्यांच्यातलाच विल्यम ब्रॅडफर्ड पुढे प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला. त्यानं कारणं लिहून ठेवली आहेत. लायडनमध्ये तो स्वतः कापड विणत असे. शेतकऱ्यांची पोरं शहरात येऊन मागावर बसली होती. काम उदंड, मिळकत जेमतेम. माणसं वेळेआधी म्हातारी दिसू लागली. मुलांना कोवळ्या वयात कामाला जुंपावं लागे आणि त्यांच्या पाठी वाकत. जरा मोठी झालेली पोरं हाताबाहेर जात, कुणी सैन्यात, कुणी जहाजावर, कुणी आईबापांना नको त्या संगतीत. त्यातच स्पेन आणि हॉलंडमधला बारा वर्षांचा तह संपत आला होता. यादीच्या शेवटी धर्मप्रसाराची इच्छाही आहे, आणि ती खोटी मानायचं मला काही कारण दिसत नाही. पण सुरतेत लिंबायत-उधन्याच्या मागावर गेलेल्या एखाद्या खान्देशी कुटुंबाला ही यादी वाचून दाखवा. धर्मप्रसार सोडला तर बाकीचं त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

आता भाडं. या मंडळींकडे जहाजापुरते पैसे नव्हते. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका गटानं, ज्यांचा मध्यस्थ टॉमस वेस्टन नावाचा माणूस होता, भांडवल घातलं. अट अशी की सात वर्षं सगळ्यांनी सामाईक राबायचं. घर, जमीन, कमाई सगळं सामाईक, आणि मग वाटणी. अटींवरून निघता निघता भांडणं झाली. जहाजावरच्या १०२ प्रवाशांत निम्म्याच्या आसपास लोक या पंथाचे नव्हतेच. पहिल्या हिवाळ्यात सुमारे निम्मे मेले. त्यातही बायका फार मेल्या, अठरा विवाहित स्त्रियांपैकी पहिलं पीक बघायला मोजक्याच उरल्या. उरलेल्यांनी मासळी धरली, बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी गोळा करून लंडनला पाठवली, आणि तरीही त्या व्यापाऱ्यांचं देणं पुरतं फिटायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. देवाच्या शोधात निघालेल्यांच्या मागे सावकाराची वही होती. यात उपहास नाही. श्रद्धा आणि कर्ज एकाच गाडीत बसतात, हे पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला ठाऊक असतं.

दक्षिणेकडे, व्हर्जिनियात, धर्माचा बुरखाही पातळ होता. तिथे १६०७ साली जेम्सटाउन वसवलं ते एका कंपनीनं, भागधारकांच्या पैशातून. सोनं सापडेल अशी आशा होती, ते सापडलं नाही. तंबाखू मात्र पिकली. तंबाखूला माणसं लागतात आणि माणसं तिथे टिकत नव्हती. १६०७ ते १६२४ या काळात सहा हजारांच्या वर लोक पाठवले गेले आणि १६२५ च्या मोजणीत जेमतेम बाराशे उरले होते. ताप, हगवण, उपासमार, आणि ज्यांच्या जमिनीत हे घुसले त्यांच्याशी लढाया. अशा जागी शहाण्यानं का जावं? म्हणून कंपनीनं १६१८ साली युक्ती काढली. जो कुणी एका माणसाचं भाडं भरून त्याला व्हर्जिनियात आणेल, त्याला माणसामागे ५० एकर जमीन. नीट ऐका. जमीन येणाऱ्याला नाही, आणणाऱ्याला. दहा माणसं आणा, पाचशे एकर घ्या.

आणि येणाऱ्याला काय? प्रवासाचा खर्च सहा पौंडांच्या आसपास. इंग्लंडमधल्या शेतगड्याच्या हातात वर्षभर राबून इतकी रोकड येत नसे. मग तो करार लिहून देई : चार, पाच, कधी सात वर्षं मी धन्याकडे राबेन, त्यानं मला जहाजाचं भाडं, जेवण, कपडे द्यावेत. मुदतीत लग्न करायचं नाही, पळायचं नाही. पळालास तर मुदत वाढेल. धनी हा करार दुसऱ्याला विकूही शके. न्यू इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या इंग्रजी वसाहतींत स्वातंत्र्ययुद्धापर्यंत जे गोरे लोक गेले, त्यांच्यातले निम्म्याहून अधिक अशा कराराखाली गेले. अमेरिका वसवली ती स्वतंत्र, साहसी शेतकऱ्यांनी, हे चित्र ज्यांच्या मनात आहे त्यांनी हा आकडा जरा वेळ जवळ ठेवावा.

खान्देशात हा करार समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे सालदार आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठराव होतो, पुढच्या आखाजीपर्यंत माणूस एका मालकाचा. थोडे पैसे आगाऊ, थोडं धान्य, बाकी हिशेबात. इंग्लंडच्या खेड्यांतही तरुण पोरं अशीच वर्षाच्या बोलीवर राहत. सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणाला किंवा नोव्हेंबरातल्या मार्टिनमसला चाकरीचे बाजार भरत. तिथे मालक आणि गडी एकमेकांना पारखत. व्हर्जिनियाचा करार ही त्याच सालदारीची लांबवलेली आवृत्ती होती, असं आर्थिक इतिहासकार सांगतात. फरक इतकाच की एका वर्षाऐवजी पाच वर्षं, आणि पुढच्या गावाऐवजी समुद्रापलीकडे, जिथून मालक पसंत पडला नाही म्हणून परत येता येत नाही. तेव्हा ही पोरं आपल्या मते फार मोठं धाडस करत नव्हती. ओळखीची गोष्टच करत होती, जरा लांब जाऊन.

ती तयार का झाली, यालाही कारण आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात होती, शंभर वर्षांनी ती पन्नास लाखांवर गेली. धान्य महागलं, मजुरी मागे पडली. गायरानं आणि सामाईक जमिनी कुंपणं घालून मोठ्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी घेतल्या. वडिलोपार्जित जमीन थोरल्या मुलाला देण्याची चाल. धाकट्यांनी वाट धरायची. ती वाट आधी जवळच्या शहराकडे जाई, मग लंडनकडे. लंडनच्या किंवा ब्रिस्टलच्या धक्क्यावर भटकणाऱ्या उपाशी पोराला कुणी जेवू घातलं, गोड बोललं, की तो करारावर अंगठा उठवी. दारू पाजून जहाजावर चढवणारे दलालही होते. १७१८ च्या कायद्यानंतर तर कैद्यांना फाशी-फटक्यांऐवजी अमेरिकेला पाठवण्याची सोय झाली. स्वातंत्र्ययुद्धापर्यंत पन्नास हजारांच्या आसपास कैदी गेले. आणि आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्यांचं काय? १६१९ साली पहिले वीसेक जण व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. ते 'का गेले' हा प्रश्न त्यांना लागूच होत नाही. पुढच्या दोन शतकांत अटलांटिक ओलांडून अमेरिका खंडांत नेलेल्या माणसांमध्ये युरोपीय लोकांपेक्षा आफ्रिकी लोकांची संख्या कितीतरी जास्त होती, हे शाळेच्या तीन शब्दांत कुठेच बसत नाही.

आता एक साल घेऊ : १६३०. त्या वर्षी जॉन विन्थ्रॉप नावाचा सफकचा जमीनदार अकरा जहाजांचा ताफा घेऊन मॅसॅच्युसेट्सला गेला. पुढच्या दहा वर्षांत वीस हजारांच्या आसपास लोक त्याच्या मागोमाग गेले. यांच्यात कुटुंबं होती, कारागीर होते, लिहितावाचता येणारे होते. यांनी बहुतेकांनी स्वतःचं भाडं स्वतः भरलं. माझ्या म्हणण्याला हा अपवाद आहे आणि तो मी लपवत नाही. विन्थ्रॉप कट्टर धार्मिक होता, राजाच्या धोरणानं खरोखर अस्वस्थ होता. पण १६२९ साली त्याची लंडनच्या न्यायालयातली वकिलीची जागाही गेली होती, मुलांचा मोठा परिवार जमिनीवर पोसायचा होता, आणि त्याच्या भागातला कापडधंदा बसला होता. जाण्याची कारणं त्यानं स्वतः लिहून काढली, त्यांत देवाच्या बरोबरीनं इंग्लंडमधली माणसांची गर्दीही आहे. १६४० नंतर इंग्लंडमध्ये यादवी सुरू झाली, विन्थ्रॉपच्या पंथाचं, म्हणजे प्युरिटनांचं, पारडं जड झालं, तसा हा ओघ आटला आणि कित्येक जण चक्क परत गेले. परत जाणाऱ्यांचे पुतळे कुणी उभारत नाही, म्हणून ते आपल्याला माहीत नसतात.

त्याच १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा कॉर्नवॉलचा एक माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याची वाट नंदुरबारवरून, तापीच्या काठानं बऱ्हाणपूरला जाणारी, म्हणजे आपल्या अंगणातून. गुजरात, खान्देश आणि दख्खनला गिळणाऱ्या महादुष्काळाचं ते पहिलं वर्ष. मंडीनं रोजनिशीत लिहिलंय, की वाटेभर प्रेतं पडली होती, आणि नंदुरबारला तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणं कठीण झालं होतं. बऱ्हाणपुरात तेव्हा शाहजहानची छावणी होती. पुढच्या जूनमध्ये मुमताजमहल तिथेच वारली, आणि त्या दुष्काळाच्या दिवसांतलं हे एकच मरण जगाच्या लक्षात राहिलं.

एकाच वर्षी इंग्लंडमधली कुटुंबं जहाजात बसत होती आणि खान्देशातली कुटुंबं पायी परागंदा होत होती. त्रास कुणाचा जास्त होता, हे विचारायची गरज नाही. तरी एकाची नोंद 'स्थलांतर' म्हणून झाली, दुसऱ्याची 'दुष्काळ' म्हणून. कारण खान्देशातून निघालेल्यांची कुठे कुणी वाट पाहत नव्हतं, त्यांच्यासाठी कुणी जहाज केलं नव्हतं, माणसामागे ५० एकर घेणारा दलाल त्यांच्या वाटेवर उभा नव्हता. नुसत्या दुःखानं माणूस फार लांब जात नाही. तो शेजारच्या मुलखात जातो, नाहीतर वाटेत मरतो. समुद्र ओलांडायला दुसऱ्या कुणाची तरी गरज लागते. मॉरिशसचं उदाहरण घ्या. रत्नागिरीकडचे आपले लोक मुंबई बंदरातून तिथे गेले ते गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळेवाल्यांना हात हवे झाले तेव्हा. कोकणात गरिबी काय त्याआधी नव्हती?

खान्देशातही एक वेळ अशी आली, की माणसं हवी होती आणि माणसं नव्हती. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखावरून गेल्या, लगोलग १८०३ चा दुष्काळ. गावंच्या गावं बेचिराख झाली, पांढरीवर झाडोरा उगवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुलूख घेतला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे राजकीय एजंट म्हणून आला. हाच पुढे फिरिश्ताच्या तवारिखेचा इंग्रजी अनुवाद करणारा ब्रिग्ज. सारा कुणाकडून वसूल करायचा? आधी कुळं तर हवीत. मग त्यानं जे केलं ते मराठी राज्यात नेहमीच चालत आलेलं होतं : कौल दिले. पडीत जमीन घ्या, पहिली काही वर्षं सारा नाममात्र, पुढे इस्ताव्यानं दर वर्षी थोडा थोडा वाढता. तगाई देऊ. व्यापाऱ्यानं पेठ वसवली तर सवलत. शेटे-महाजनकी देऊन पेठा वसवणं पेशवाईत होतंच. व्हर्जिनियाची ५० एकरांची युक्ती आपल्याकडे शिकायला कुणाला लंडनला जावं लागलं नसतं.

१८१९ मध्ये ब्रिग्जनं धुळे मुख्य ठाणं केलं आणि पांझरेकाठी नवी वस्ती आखली. व्यापारी, कारागीर बाहेरून बोलावले. आजही आपण पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असं सांगतो. बाहेरगावच्या पाहुण्याला या सरळ गल्ल्यांचं आणि त्यांच्या नंबरांचं नवल वाटतं. १६८२ मध्ये विल्यम पेननं फिलाडेल्फिया असंच सरळ रेषांत आखलं आणि एका दिशेच्या रस्त्यांना नंबर दिले. पेनच्या वडिलांचं राजाकडे कर्ज होतं, त्यापोटी राजानं पेनला एवढा मोठा मुलूख दिला होता आणि तो रिकामा ठेवून त्याला परवडत नव्हता. म्हणून त्यानं पत्रकं छापली, ती डच आणि जर्मनमध्ये भाषांतरित केली, ऱ्हाइनच्या खोऱ्यात वाटली. जिथे माणसं आधी बोलावून मग गाव वसतं, तिथे रस्ते सरळ असतात. आपोआप वाढलेल्या गावात, समजा अमळनेरच्या जुन्या भागात, तसं होत नाही. हे माझं निरीक्षण आहे, सिद्धान्त म्हणून घेऊ नका.

आलं कोण? गुजरातेतून गुर्जर कुणबी आले. त्यांचे शाखाभेद इथे अजून जपले जातात, शहादा-तळोद्याकडे रेवा, चोपड्याकडे दोडे. यावल-रावेर-सावद्याच्या लेवा पाटीदारांच्या घराण्यांतही मूळ पावागडच्या बाजूचं सांगितलं जातं, आणि ते येणं यापेक्षा पुष्कळ जुनं आहे. कापसानं आणि सावकारीनं मारवाडी आले, वाणी आले, रेल्वेनं भुसावळात देशभरची माणसं आणली. या सभागृहातले आपण बहुतेक जण, चार पिढ्या किंवा चौदा पिढ्यांपूर्वीचे, कौलावर आलेले आहोत. यात कमीपणा नाही. पण इथूनच अवघड भाग सुरू होतो.

कारण कौल देताना जमीन 'पडीत' म्हटली गेली. प्लिमथलाही जमीन रिकामी मिळाली होती. ब्रॅडफर्डची मंडळी जिथे उतरली तिथे साफ केलेली शेतं होती आणि माणूस नव्हता. त्यांना तो देवाचा आशीर्वाद वाटला. ते पॅटक्सेट नावाचं वाम्पनोआग लोकांचं गाव होतं. युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीनं १६१६ ते १६१९ च्या दरम्यान ते पुरतं मेलं होतं. त्या गावचा एक माणूस वाचला, टिस्क्वांटम. त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं पकडून स्पेनमध्ये विकलं होतं. तो इंग्लंडमार्गे घरी परतला तेव्हा घर राहिलं नव्हतं. पुढच्या वसंतात त्यानंच या नवख्यांना मका पेरायला शिकवलं. समुद्र ओलांडून आलेल्यांच्या कथेतला सगळ्यात मोठा प्रवासी मला तो वाटतो.

सातपुड्याच्या पायथ्याची, सातमाळ्याच्या बाजूची जमीन पडीत होती म्हणजे काय? नांगराखाली नव्हती, एवढंच. तिथे भिल्ल होते. घाटवाटांवर त्यांच्या नाइकांचे हक्क होते, ते मराठी राज्यातही मानले जात. कुळं आली, जंगल मागे गेलं, हक्क बुडाले, तसे भिल्ल गावांवर उतरू लागले आणि सरकारी कागदांत दरोडेखोर झाले. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२५ मध्ये, सरकारनं दुहेरी उपाय केला. एकीकडे बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमनं धरणगावात भिल्लांचीच पलटण उभी केली. दुसरीकडे भिल्ल एजंट नेमले. कन्नडच्या बाजूला आणि कुकरमुंड्याला बसून त्यांनी भिल्लांना बैल, बी आणि तगाई देऊन वसाहती करून बसवलं. म्हणजे ज्यांच्या मुलखात बाहेरचे वसवले, त्यांनाही त्यांच्याच मुलखात 'वसवलं'. औट्रमबद्दल खान्देशात बरंच कौतुक लिहिलं गेलं आहे. त्याच्या धाडसाविषयी माझा वाद नाही. पण ज्याला शिकारीचा नाद आहे आणि जो माणसांत मिसळतो, त्याच्या हातून मुलूख जास्त बिनबोभाट ताब्यात जातो, एवढं म्हणून पुढे जातो. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटातल्या खाज्या नाइकानं, जो आधी सरकारी नोकरीत घाट राखत होता, बंड केलं आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला त्याच्या लोकांची कत्तल झाली.

मग कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली; दक्षिणेतला, गुलामांकडून पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. तीच व्हर्जिनियाची गोष्ट, तंबाखूच्या जागी कापूस आणि करारी गड्यांच्या जागी गुलाम, आता आपल्या दारात आली. भाव चढले, त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली, जळगावची पेठ फुगली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बसलीही. पण त्या चार वर्षांत काळ्या जमिनीची किंमत सगळ्यांना कळली होती. मोजणी झालेली, सातबाराच्या पूर्वजात नोंदलेली जमीन आता गहाण पडू शकत होती, विकली जाऊ शकत होती. शहादा-तळोद्याकडे हिवताप फार. तिथे बाहेरचा माणूस टिकत नसे म्हणून ती जमीन काही काळ भिल्लांकडे राहिली. नंतर तीही सरकली, अंगठ्याखाली, दहा-वीस रुपयांच्या कर्जात. सरकता सरकता जमिनीचा धनी तिथला सालदार झाला.

हा हिशेब मागायला शंभर वर्षं गेली. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटनेत काम केलेले तरुण कार्यकर्ते त्यामागे होते. त्यातून, आणि राज्यभरच्या अशा रेट्यातून, आदिवासींना जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. त्या कायद्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करायच्या होत्या. सतरा वर्षं आणि काही महिने. त्याआधीचं सगळं कौलाच्या आणि गहाणखतांच्या काळात जमा. मी या कायद्याला नावं ठेवत नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. 

आता शेवटचा मुद्दा, तो आजचा आहे. ज्या खान्देशात माणसं बोलावली जात होती, तो आता माणसं पाठवतो. दिवाळी झाली की साक्री, नवापूर, नंदुरबारकडचे भिल्ल, मावची, कोकणी आदिवासी ट्रकमध्ये बसून बारडोलीच्या आणि सुरत जिल्ह्यातल्या इतर सहकारी कारखान्यांच्या उसावर जातात, आखाजीच्या आसपास परततात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, जेव्हा घरात दाणा नसतो. हिशेब माणसाचा नाही, कोयत्याचा. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि मजुरी जोडीची मिळून नवऱ्याच्या हातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तिथेच. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात बारडोलीच्या उसतोडीचा अभ्यास केला. त्याला पडलेला प्रश्न साधा होता : बारडोलीकडच्या गावांत स्थानिक हळपती मजूर बिनकामाचे बसलेले असताना कारखाने खान्देशातून माणसं का आणतात? उत्तरही त्यानंच दिलं. परक्या मुलखातला, उचलीत अडकलेला, उसाच्या फडाशेजारी पालात राहणारा माणूस रात्री-अपरात्री कधीही तोडीला उठवता येतो. त्याला संध्याकाळी घरी जायचं नसतं.

आता कारखान्यातल्या साहेबाला विचारलं की हे लोक का येतात, तर तो सांगतो : तिकडे पाऊस नाही, पाणी नाही, काम नाही. सगळं खरं आहे. व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्यानंही इंग्लंडमधल्या गरिबीबद्दल असंच सांगितलं असतं.

इथे विद्यार्थी बसले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, माणसं ट्रकमध्ये बसण्याआधी, साक्री किंवा नवापूर तालुक्यातलं एखादं गाव निवडा. घर सोडण्याचं कारण विचारू नका, ते पाठ झालेलं मिळेल. उचल किती घेतली, कुणाकडून, कोणत्या महिन्यात, मागची किती फिरली, आणि घरातून कोयत्याला कोण गेलं, हे विचारा. बाईला वेगळं विचारा. उत्तरं अहिराणीत मिळतील, भिलीत मिळतील, मावचीत मिळतील. तशीच लिहून घ्या, मराठी करू नका.